इसब असलेल्या मुलाचें धुणें

शेतकीच्या मासिकांत धुण्याचा विषय कां घेतला, असें कित्येक वाचकांस वाटेल. पीक, खत, पाणी व गुरें यांच्या पंक्तीस मुलाचें झबलें आणून बसविणें त्यांस विसंगत दिसण्याचा संभव आहे. परंतु विचार केला असतां असें आढळून येईल कीं, बोअरचें पाणी, टँकरचा खर्च, फवारणीचे कपडे, बांधावरचें गाजरगवत आणि कपड्यावरची बिब्ब्याची खूण या सर्व बाबी शेतकऱ्याच्याच कारभारांतल्या आहेत, आणि त्यांचा शेवट घरांतील लहान मुलाच्या अंगावर येऊन पोंचतो. मूल निरोगी असेल तर तें तिकडे लक्ष देत नाहीं; परंतु ज्या मुलास इसब आहे तें रात्रभर अंग खाजवितें, त्याच्या नखांस रक्त लागतें, आईची झोंप जाते, आणि घरांतील वडील माणसें बहुधा धुणें धुणाऱ्या बाईसच दोष देतात. हा दोष खरा किती व खोटा किती, आणि धुण्यांत खरोखर काय बदलणें अवश्य आहे, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्यांतील कारकुनींत त्याचें आयुष्य गेलें. तथापि नोंद ठेवणें, हिशेब जुळविणें आणि ऐकीव गोष्टीस पुरावा मागणें ही जी संवय त्या नोकरीनें लागली, तिचा या कामीं चांगला उपयोग होतो.

रोगाची ओळख

इसबाचे प्रकार अनेक आहेत. लहान मुलांत बहुधा जो आढळतो त्यास डॉक्टर लोक ॲटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. तान्ह्या मुलाच्या गालांवर, आणि मूल मोठें झालें म्हणजे कोपराच्या व गुडघ्याच्या आंतील बाजूस, मानेवर व मनगटांवर कातडी कोरडी, लाल व खरखरीत होते. खाज फार सुटते. खाजविल्यानें लस वाहते व पुढें कातडी जाड पडते. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. सबब अशा मुलाचें ताट किंवा अंथरूण वेगळें करणें निष्कारण होय.

याचें मूळ पुष्कळ अंशीं जन्मतःच असतें. निरोगी कातडी शेताच्या बांधाचें काम करते. आंतील ओल बाहेर जाऊं देत नाहीं व बाहेरचें वाईट पाणी आंत येऊं देत नाहीं. २००६ सालीं स्कॉटलंडांतील डंडी विद्यापीठाच्या व त्यांच्या सहकारी संशोधकांनीं असें दाखविलें कीं, कातडीच्या वरच्या थरास बळकटी देणारें फिलॅग्रिन नांवाचें द्रव्य ज्यांच्या अंगीं जन्मतः कमी तयार होतें, त्यांस हा रोग होण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. म्हणजे बांध मुळांतच कच्चा असतो. धुणें धुणाऱ्या बाईनें रोग आणिलेला नसतो. मात्र कच्च्या बांधावर वाईट पाण्याचा मारा चालू ठेवला तर तो लौकर फुटतो. धुण्याचा संबंध इतकाच. पण इतका आहे.

दोन रोगांचा इसबाशीं घोंटाळा होतो, तो टाळला पाहिजे. नायटा हा बुरशीचा रोग आहे. त्याचा चट्टा बहुधा गोल असून कडेनें वाढत जातो. औषधाच्या दुकानांतून आणलेलें स्टेरॉइडाचें मलम त्यावर चोळलें तर क्षणिक बरें वाटून तो अधिक पसरतो. खरूज ही सूक्ष्म किड्यानें होते. बोटांच्या बेचक्यांत व कमरेस खाज सुटते, ती रात्रीं वाढते, आणि बहुधा घरांतील अनेकांस एकदम होते. खरजेंत सर्व घरानें एकाच वेळीं औषध लावावें लागतें व वापरते कपडे आणि अंथरुणें कढत पाण्यानें धुवावीं लागतात. म्हणून प्रथम डॉक्टरकडून रोगाची ओळख करून घ्यावी, मग धुण्याचा विचार करावा.

कपड्यांत उरतें काय

या विषयांतील मुख्य तत्त्व एका जुन्या उदाहरणानें चांगलें समजतें. बिब्ब्याचा रस अंगावर उततो हें शेतकऱ्यास सांगावयास नको. परीट लोक पूर्वीं कपडे ओळखू यावेत म्हणून त्याच रसानें कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करीत. ती खूण कितीही धुतली तरी जात नाहीं, हाच तिचा गुण. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन शिपाई हिंदुस्थानांत आले तेव्हां त्यांच्यापैकीं कित्येकांच्या अंगावर खाज सुटणारे व फोड आलेले चट्टे उठूं लागले. तपास करतां असें दिसलें कीं, कपड्यावरील परिटाची खूण अंगास जेथें टेकते तेथेंच चट्टा उठतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेंत १९४३ सालीं यावर लेख प्रसिद्ध झाला.

कपडे स्वच्छ होते, पांढरे होते, इस्तरीचे होते; तरी त्यांत जें उरलें होतें त्यानें अंग उतलें. यावरून घेण्याचा धडा असा कीं, मुलाच्या अंगास धुण्याचें पाणी लागत नाहीं. लागतें तें धुणें संपल्यावर कपड्यांत उरलेलें. साबण कोणता घातला यापेक्षां तो किती उरला हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे. पुढील सर्व सूचना याच एका तत्त्वांतून निघतात.

ताथवडे येथील पाण्याचा विचार

सरकारी वळू-माता प्रक्षेत्रामुळें ज्या ताथवडे गांवाचें नांव गुरें पाळणाऱ्यांस परिचित आहे, त्याचेंच उदाहरण घेऊं. हें गांव पवनेच्या खोऱ्यांतलें. नदीच्या काठीं किंवा विहिरीवर धुणें होई तेव्हां साबण असो, सोडा असो, कीं राखेचा खार असो, मुबलक पाण्यांत कपडा खळबळून निघे. पुढें दोन गोष्टी एकदम बदलल्या. पहिली म्हणजे, आपल्या देशांत १९५९ सालीं सर्फ व १९६९ सालीं निरमा बाजारांत आल्यापासून धुण्याची पूड हळूहळू घरोघर पोंचली. मूठभर पूड घातली कीं बादलीभर फेंस येतो, व फेंस म्हणजेच स्वच्छता अशी समजूत दृढ झाली. दुसरी म्हणजे पाणी मापाचें झालें. २००९ सालीं ताथवडे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, शेतांच्या जागीं मोठमोठ्या इमारती उठल्या, आणि २०१९ च्या नोव्हेंबरांत महापालिकेनें दिवसाआड पाणी देण्याची पद्धत सुरू केली. नळाचें पाणी अपुरें पडलें म्हणजे बोअर व टँकर यांवर भिस्त ठेवावी लागते.

साबण वाढला व खळबळण्याचें पाणी घटलें. या दोहोंच्या वजाबाकींत जें उरतें तें मुलाच्या कपड्यांत बसतें.

बोअरच्या पाण्याची आणखी एक बाब आहे. आपल्या काळ्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यांत चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार बहुधा जास्त असतात. अशा पाण्यास जड पाणी म्हणतात. धरणाचें व पावसाचें पाणी त्या मानानें हलकें असतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत दर लिटरीं २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा, व दुसरें पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असें ठरविलेलें आहे. जड पाण्यांत साध्या साबणाचा फेंस न होतां पांढरा चोथा बनतो, तो सुतांत अडकतो, आणि कपडा वाळल्यावर कडक व मळकट लागतो.

घरच्या घरीं याची परीक्षा करतां येते. कांचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत नळाचें किंवा पावसाचें व दुसरींत बोअरचें पाणी निम्म्यापर्यंत भरावें. दोहोंत आंघोळीच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून सारखेंच हालवावें. जेथें भरपूर फेंस येऊन पाणी बऱ्यापैकीं निवळ राहील तें हलकें. जेथें फेंस थोडा व पाणी दुधाळ होऊन वर साका येईल तें जड. ही परीक्षा धुण्याच्या पुडीनें करूं नये. कारण पुडीचा फेंस जड पाण्यांतही पुष्कळ येतो, व त्यामुळें फरक कळत नाहीं.

ज्यांच्या घरीं दोन्ही पाणी येतात त्यांनीं हलकें पाणी मुलाच्या कपड्यांस, निदान शेवटच्या खळबळण्यास, राखून ठेवावें, व जड पाणी इतर कामांस लावावें. पावसाळ्यांत पन्हाळीचें पाणी पहिल्या एकदोन पावसांनंतर स्वच्छ पिंपांत धरलें तर तेंही उत्तम.

साबण, सोडा, पूड व रिठा

माती परीक्षणाच्या पत्रिकेंत जमिनीचा सामू लिहिलेला असतो, तो वाचकांस ठाऊक आहेच. कातडीसही सामू असतो. निरोगी कातडीचा सामू सुमारें ५, म्हणजे किंचित् आम्ल असतो. साध्या साबणाचा ९ ते १० व धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास असतो. चोपण जमिनींत पीक जसें नांदत नाहीं, तशी खारानें कातडीही नांदत नाहीं. यावरून निवड अशी करावी :

(१) धुण्याचा सोडा, पापडखार व राखेचें पाणी मुलाच्या कपड्यांस अजिबात लावूं नये.

(२) वासाची पूड, वासाचा साबण व कपडे मऊ करण्यासाठीं मागाहून घालावयाचें सुगंधी द्रव टाळावें. सुवास हा कपड्यांत मुद्दाम ठेवलेला अवशेषच होय, व त्यांतील द्रव्यें कित्येकांच्या अंगास सोसत नाहींत.

(३) जंतुनाशक औषध बादलींत ओतण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. रोजच्या धुण्यास त्याची गरज नाहीं. उन्हांत वाळविणें पुरेसें आहे. औषधाचा अंश सुतांत राहून कातडीची आग होते.

(४) खळ घालूं नये. तिनें कापड कडक होतें. नीळ व पांढरेपणा आणणारीं द्रव्येंही मुलाच्या कपड्यांस नकोत. पांढरें दिसणें ही पाहुण्यांची सोय आहे, मुलाची नव्हे.

(५) बिनवासाचा साधा द्रव साबण किंवा बिनवासाची पूड मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास घरांत आहे तीच पूड कमी प्रमाणांत वापरावी. पुडक्यावर छापलेल्या मापाहून अधिक कधींही घालूं नये. मुलाचे कपडे फारसे मळलेले नसतील तर त्या मापाच्या निम्म्यानें आरंभ करावा.

(६) रिठा हा आपला जुना फेंस आहे. बी काढून आठदहा रिठ्यांचीं टरफलें लिटरभर पाण्यांत उकळावीं, पाणी फडक्यानें गाळून घ्यावें व एकदोन दिवसांत संपवावें. जड पाण्यांत त्याचा चोथा बनत नाहीं, हा गुण खरा. परंतु तो डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो, पांढऱ्या कापडास पिवळट झांक आणतो, आणि वनस्पतीचा आहे म्हणून कपड्यांत राहिला तरी चालेल असें नाहीं. तोही पूर्ण काढावा लागतो.

एन्झाईम घातलेल्या पुडीविषयीं पुष्कळांच्या मनांत भीति असते. या पुडींनीं घरगुती वापरांत इसब वाढतो असें आजवरच्या संशोधनांत सिद्ध झालेलें नाहीं. तेव्हां केवळ त्या नांवानें घाबरण्याचें कारण नाहीं. आपल्या मुलास सोसत नाहीं असें नोंदींत दिसलें तर मात्र ती सोडावी.

धुण्याची रीत

मुलाचे कपडे शेतावरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावे, व तेही प्रथम, म्हणजे बादली व दगड स्वच्छ असतांना. पूड आधीं तांब्याभर कोमट पाण्यांत पूर्ण विरघळवावी, मग बादलींत ओतावी. कोरडी पूड कपड्यांवर टाकल्यास तिचे कण शिवणींत अडकून राहतात. कपडे उलटे करावे, पंधरावीस मिनिटें भिजवावे व हातानें हळू चोळावे. धोपटण्यानें बडविण्याचें कारण नाहीं; सूत तुटून कापडावर लव उठते व तीही अंगास बोंचते. चोळून झाल्यावर प्रथम घट्ट पिळून साबणाचें पाणी काढून टाकावें, आणि मगच स्वच्छ पाण्यांत घालावें. न पिळतां बादल्या वाढविणें म्हणजे बांध फोडलेल्या शेतास पाणी देणें होय. दोन स्वच्छ पाण्यांतून काढावें, व प्रत्येक वेळीं पिळावें.

कपडा पुरता निघाला कीं नाहीं याचा पुरावा घेतां येतो. वाळलेलें एक झबलें स्वच्छ कोमट पाण्याच्या पातेल्यांत टाकून हातानें जोरानें ढवळावें. पाण्यावर फेंस टिकून राहिला तर साबण उरलेला आहे. अशा वेळीं पाण्याची तिसरी बादली वाढविण्याआधीं पुढच्या धुण्यांत पूड आणखी कमी करावी. पाणी विकत घ्यावें लागतें, पूडही विकत घ्यावी लागते. पूड घटविली म्हणजे दोहोंची बचत होते. ज्या घरीं दिवसाआड पाणी येतें तेथें सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे.

शेवटच्या पाण्यांत साबण जवळजवळ नसतो. तें पाणी पुढच्या कपड्यांच्या पहिल्या धुण्यास घ्यावें. साबणाचें पाणी मात्र एकाच झाडाच्या आळ्यांत रोज सोडूं नये. त्यांतील सोडियमनें माती चोपण होते.

धुण्याचें यंत्र असेल तर तें गच्च भरूं नये व एक वेळ जास्त पाणी फिरविण्याची कळ दाबावी. ज्या बाईचे हात धुण्यानें फुटले आहेत तिनें रबरी हातमोजे घालावे व मागाहून हातांस खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावें. मुलास जें लागतें तेंच तिच्या हातांस दसपट लागत असतें.

कापड व अंथरूण

नवा कपडा तसाच अंगावर घालूं नये. त्यांतील खळ व कारखान्यांतील द्रव्यें काढण्यासाठीं एकदोनदां धुऊन घ्यावा. सुती, सैल व वापरून मऊ झालेला कपडा सर्वांत चांगला. आजोबांच्या जुन्या धोतराचें दुपटें बाजारच्या महाग कपड्याहून सरस ठरतें. गळ्यामागचा शिवलेला कापडी शिक्का काढून टाकावा. घोंगडी व लोंकरीचे कपडे उघड्या अंगास लागूं देऊं नयेत. लोंकरीचा तंतु जाड असून टोंचतो. थंडींत आंत सुती व वर लोंकरीचें घालावें.

गोधडी वारंवार धुणें शक्य नसतें, आणि तिच्यांत धुळींतील सूक्ष्म किडे वाढतात. तिला जुन्या साडीची खोळ शिवावी व ती खोळ आठवड्यास कढत पाण्यानें धुवावी. सुमारें ६० अंश उष्णतेच्या पाण्यांत हे किडे मरतात. गोधडी कडक उन्हांत दोन्ही बाजूंनीं तापवून दूर नेऊन झटकावी. पावसाळ्यांत अर्धवट वाळलेला दमट कपडा मुलास घालूं नये. वाऱ्याच्या जागीं दोरीवर विरळ वाळत घालून शेवटीं इस्तरी फिरवावी.

शेतावरून येणारे कपडे

ही बाब सर्वस्वी पुरुषांच्या हातची आहे. फवारणीचे कपडे घरांतील धुण्यांत कधींही मिसळूं नयेत. ते त्याच दिवशीं, वेगळ्या बादलींत, हातमोजे घालून, आधीं नुसत्या पाण्यांत काढून मग गरम पाणी व भरपूर पूड घेऊन दोनदां धुवावे आणि उन्हांत वाळवावे. येथें मात्र पूड कमी करूं नये. यंत्रांत धुतले तर मागाहून यंत्र नुसत्या पाण्यानें व पुडीनें एकदां रिकामें फिरवावें. ज्या कपड्यांवर औषधाचा मूळ अर्क सांडला असेल ते पुन्हा वापरूंच नयेत. हें पाणी विहीर, ओढा किंवा गुरांच्या हौदाकडे जाऊं देऊं नये.

दुसरी बाब गाजरगवताची. पुण्याच्या परिसरांतील या गवताची शास्त्रीय नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली, व पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें व वाऱ्यावर उडणाऱ्या बारीक कणांनीं कातडीचा जो रोग होतो, त्यावर पुण्यांतील रुग्णांच्या आधारें १९७४ सालीं शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. हा रोग मुख्यतः मोठ्या माणसांस होतो. तरी ज्याची कातडी आधींच फुटलेली आहे अशा मुलाचे कपडे गाजरगवत माजलेल्या बांधावर किंवा कुंपणावर वाळत घालूं नयेत. गवत फुलावर येण्यापूर्वीं हातमोजे घालून उपटावें, आणि उपटून घरीं आलेल्या माणसानें हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय मुलास उचलूं नये.

महाग उपायांविषयीं

इसबाचें मूल घरांत असलें कीं दुकानदार, शेजारी व जाहिराती मिळून अनेक उपाय सुचवितात. त्यांपैकीं दोहोंची ब्रिटनमध्यें पद्धतशीर परीक्षा झालेली आहे.

पहिला उपाय पाणी हलकें करण्याच्या यंत्राचा. नॉटिंगहॅमच्या संशोधकांच्या पुढाकारानें जड पाण्याच्या प्रदेशांतील ३३६ मुलांवर ही परीक्षा झाली व २०११ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरीं यंत्र बसवून १२ आठवडे वाट पाहिली. पालकांच्या स्वतःच्या नोंदींत किंचित् फायदा दिसला; परंतु कोणाच्या घरीं यंत्र आहे हें ठाऊक नसलेल्या परिचारिकांनीं तपासलें तेव्हां दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं.

दुसरा उपाय खास रेशमी कपड्यांचा. ३०० मुलांवर सहा महिने परीक्षा होऊन २०१७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांवर त्या कपड्यांनीं अधिक फायदा झाल्याचें दिसलें नाहीं.

कोणी म्हणेल, मग जड पाण्याविषयीं वर लिहिलें तें कशास? त्याचें उत्तर असें. शेफील्ड येथें ८० लोकांवर झालेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जड पाण्यानें धुतलेल्या कातडीवर साबणी द्रव्य अधिक चिकटून राहतें असें दिसलें. म्हणजे पाणी जड असेल तेथें साबण कमी करणें व नीट खळबळणें अधिक अगत्याचें. परंतु जडलेला रोग यंत्रानें बरा होईल ही आशा व्यर्थ आहे. यंत्रासाठीं कर्ज काढण्यापेक्षां तो पैसा औषधपाण्यास ठेवावा.

नोंदवही ठेवावी

इसब आपोआप वाढतो व आपोआप कमीही होतो. थंडी, घाम, सर्दीपडसें, धूळ यांनीं तो उठतो. त्यामुळें ज्या आठवड्यांत पूड बदलली त्याच आठवड्यांत योगायोगानें खाज घटली कीं, गुण पुडीचा असें आपण समजतों. पीकपाहणींत पाहिल्यावांचून नोंद करूं नये असा नियम असतो. तोच येथें लावावा. एका वहींत रोज चार रकाने भरावे : तारीख, रात्रीं मूल कितीदां उठलें, कातडी कशी दिसली, आणि त्या दिवशीं काय बदललें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व निदान पंधरा दिवस पाहावें. पूड, पाणी, मलम व आहार एकाच दिवशीं बदलल्यास कशानें काय झालें हें कोणासही सांगतां येणार नाहीं. डॉक्टरकडे जातांना ही वही बरोबर न्यावी. कुटुंबांतील दहा जणांच्या दहा मतांपेक्षां ती अधिक कामास येते.

औषधोपचार व सावधगिरी

धुणें कितीही चांगलें केलें तरी तें औषध नव्हे. या रोगाचा मुख्य उपाय म्हणजे आंघोळीनंतर अंग टिपून लगेच, व दिवसांतून आणखी एकदोनदां, स्निग्ध मलम भरपूर लावणें, आणि रोग उठला असतां डॉक्टरनें दिलेलें औषध सांगितलेल्या मापानें व सांगितलेल्या दिवसांपुरतें वापरणें. स्टेरॉइडाच्या मलमाची सरसकट धास्ती घेणें जितकें चूक, तितकेंच तें चिठ्ठीवांचून दुकानांतून आणून महिनोन्महिने चोळणें चूक.

चट्ट्यावर पिवळी खपली धरली, पू झाला, ताप आला किंवा बारीक दुखरे फोड एकदम पसरले तर त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. महापालिकेच्या व जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतून हे उपचार मिळतात. खर्चाच्या भीतीनें घरीं थांबूं नये.

शेवटची सूचना विस्तवाची. स्निग्ध मलम कपड्यांत व अंथरुणांत मुरतें, आणि असें कापड आगीजवळ गेलें तर साध्या कापडापेक्षां फार लौकर पेटतें. ब्रिटनच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१८ सालीं याविषयीं स्पष्ट इशारा दिला असून, धुतल्यानें हा धोका कमी झाला तरी पूर्ण जात नाहीं असें सांगितलें आहे. यास्तव मलम लावलेलें मूल चूल, शेकोटी, देवापुढील समई व दिवाळींतील फटाके यांपासून दूर ठेवावें.

तात्पर्य

साबण कमी घालावा, वासाचा नसावा, पिळून दोन पाण्यांतून काढावा, मऊ सुती कपडा उन्हांत वाळवावा, व शेतावरचे कपडे वेगळे ठेवावे. यांतील एकाही गोष्टीस जास्त पैसा लागत नाहीं. उलट पूड वांचते व टँकरचें पाणी वांचतें. इतकें करूनही मुलाची खाज राहिली तर धुणाऱ्या बाईस बोल लावूं नये; वही घेऊन डॉक्टरकडे जावें. आणि फवारणीचे कपडे, बोअर व बांध यांची जबाबदारी ज्याची आहे, त्या घरधन्यानें आठवड्यांतून एकदां तरी मुलाचें झबलें पाण्याच्या पातेल्यांत टाकून फेंस येतो कीं नाहीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.